शिट्टी, टाळी

उपाध्ये यायचे ते दुपारी,
पोरं स्पीडची परीक्षा आटपून गेल्यावर.
लक्ष्मीपुरीतल्या त्या लाकडी जिन्यावर
चप्पल करकरली
की मी कार्बन लावायला घ्यायचे.

"लिवा बाई, खटका दाबला की बत्ती लागती."
मी इंग्रजीत बडवायचे :
मानवी बोटाने हलवता येईल असा एक अवयव,
ज्याची स्थिती बदलली असता
प्रकाश देणारे साधन कार्यान्वित होते.
वाचून, उलगडून सांगितलं की मान डोलवायचे.
"भारी झालंय. पर ह्ये आपलंच हाय न्हवं?"

अकरा अर्ज. पानाला सहा रुपये.
शिट्ट्या मोजून गॅस बंद करणारा कुकरचा खटका,
लाइट आली की स्वतःच वेळ लावून घेणारं घड्याळ,
फोन वाजला की टीव्हीचा आवाज उतरवणारी डबी,
जी त्यांच्या वडिलांनी बातम्यांच्या वेळी
खिडकीतून बाहेर टाकली.
चार अर्जांना नंबर मिळाला.
त्यांची सालोसाल फी भरायला
भावाच्या लेथवर रात्रपाळी करायचे उपाध्ये,
उद्यमनगरात, बाकी सगळी शटरं खाली असताना.

सातवा अर्ज हरवलेल्या रिमोटचा.
पाठीवर चिकटवायचा पेढ्याएवढा तुकडा.
"शिट्टी घाला, टाळी वाजवा,
गादीखालनं ओ देतंय बघा."

मधे नुसता स्वल्पविराम होता त्यांच्या बोलण्यात.
इंग्रजीला तेवढ्यावर भागत नाही,
आणि पाच वाजायला आले होते.
मी 'आणि' घातलं.

तीन वर्षांनी कुणा मोठ्या कंपनीचा तसलाच तुकडा
रिमोटसोबत फुकट यायला लागला.
पुण्याच्या वकिलाने पाच मिनिटांत फाइल मिटली :
तुमचा दावा शिट्टी आणि टाळीचा,
त्यांचं नुसत्या टाळीवर चालतं.
'किंवा' असतं तर गोष्ट वेगळी होती.

परत आल्यावर उपाध्ये जिना चढून आले,
झालं ते सांगितलं,
घोटभर पाणी मागितलं
आणि आठव्या अर्जाचं पहिलं पान पुढं ठेवलं.
मी काही बोलले नाही.
बोलायचं होतं. कागद सरळ करत बसले.

मशिनं मोडीत गेली, किलोवर.
त्या पानाची कार्बन कॉपी तेवढी
रेशनकार्डाच्या पिशवीत राहिली,
निळी, जरा पसरलेली.

परवा सुनेनं महाद्वार रोडवरनं
दीडशेचा एक आणला, टाळीवरचा.
संध्याकाळी मी परातीत पहिली भाकरी थापली
आणि बाहेरच्या खोलीत रिमोट किंचाळला.
दुसरा थापा, पुन्हा.
तिसऱ्याला नातू हसून लोळायला लागला.
मी पिठाच्या हातांनी तशीच उभी,
तव्यावरची करपली.

सकाळी उद्यमनगर गाठलं.
उपाध्ये माळ्यावर, भिंग लावून,
कानाला यंत्र, तेही स्वतः दुरुस्त केलेलं.
सगळं सांगितलं. आणि, किंवा, पाच वाजायला आले होते, सगळं.

"अवो बाई," ते म्हणाले,
"आमच्यात तवा वक्ताला तीस भाकऱ्या.
पैलं मॉडेल टाळीवरचंच हुतं.
म्हातारीनं बंबात घातलं.
म्हणून तर शिट्टी जोडली.
'आणि'च पायजे हुतं मला."
आणि लगेच खाली वाकून
एक सांडलेला स्क्रू शोधायला लागले,
बराच वेळ.

मी जिना उतरले.
फौंड्रीची काळी वाळू चपलेत गेली.
ते खरं बोलले, मला सोडवलं.
मधे कुठला शब्द घालायचा ते ठरेना.
स्वल्पविराम तसाच ठेवला,
त्यांनी ठेवला होता तसा.